साडूनं मुरत घातलेली तार

माझ्या साडूनं आणि मी पंपांच्या एकाच कारखान्यात नोकरी केली. मी पंप जोडायचो, तो ते चालवून बघायचा. पंप जोडताना पाठ मोडते. चालवून बघायला स्टुलावर बसावं लागतं. तरी मान त्याला होता, कारण त्याच्या सहीशिवाय पंप बाहेर पडत नसे. सगळे त्याला टेस्टर म्हणत. घरीही तेच नाव चिकटलं.

त्याचं काम मी कमी लेखत नाही. थोडं लेखतो. नवा पंप शेडमध्ये बांधून तो तासन्‌तास चालवायचा. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपाला, मूठ कानाला, डोळे मिटलेले. मग म्हणायचा, "मागचं बेअरिंग अजून बसलं नाही. चालू दे." आम्ही उघडून बघायचो, तर खरंच मागचं बेअरिंग. नवी वस्तू चालवून मुरवल्याशिवाय तिच्यावर विश्वास टाकायचा नाही, हा त्याचा धर्म. नवे बूट तो आधी आठवडाभर घरात घालून फिरायचा. जावयालाही त्यानं लग्नाआधी वर्षभर चालवून बघितलं.

शेडमध्ये एका वेळी सात-आठ पंप किंचाळत असायचे. कानात घालायला कारखाना बोळे द्यायचा, टेस्टर ते खिशात ठेवायचा. बोळे घालून बेअरिंग कसं ऐकणार, हा त्याचा सवाल. सवाल बिनतोड होता. कान गेले.

एकदम नाही, हळूहळू. त्याची बायको, म्हणजे माझी मेहुणी, मुळात बारीक आवाजाची. आधी ती एकच गोष्ट दोनदा सांगू लागली, मग ओरडून, आणि रिटायर झाल्यावर तो दिवसभर घरात आला तेव्हा तिनं बोलणंच सोडलं. ताट वाढायची आणि टेबलावर टकटक करायची. माझ्या बायकोला म्हणाली, "ताई, मला माझा आवाज विसरायला झालाय गं." कान तपासून घ्या म्हटलं की टेस्टर हसायचा. टेस्टरचे कान तपासणारा अजून जन्माला यायचा होता.

त्याला नाद एकच, जुनी गाणी. तीही पूर्वीसारखी वाजेनात. आवाज कोंदट येतो, म्हणायचा, बाईच्या गळ्यातली धार गेली. पेठेतल्या एका दुकानदारानं त्याला आधी स्पीकर बदलायला लावले, मग अँप्लिफायर. शेवटी राहिली ती दोघांना जोडणारी तार. कानही राहिले होते, पण ते त्या दुकानात मिळत नव्हते.

तार लाकडी पेटीतून आली, मखमलीवर निजून. बोटाएवढी जाड, वर विणलेली जाळी. किंमत मी विचारली नाही आणि त्यानं सांगितली नाही, म्हणून आमचं नातं टिकलं. दुकानदारानं बजावलं होतं, "नवी तार लगेच बोलत नाही, काका. चारशे तास चालू ठेवा. मध्ये बंद करायची नाही." दुसऱ्या कुणाला हसू आलं असतं. टेस्टरला भरून आलं. रिटायर झाल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी त्याच्या भाषेत बोललं होतं.

"तारेत बेअरिंग कुठे असतं रे?" मी विचारलं.

"तुला फिटरला नाही कळायचं. तांब्यात कण असतात. ते बसावे लागतात."

"कुठे बसतात?"

"आपापल्या जागी."

मी जन्मभर खूप काही बसवलं, पण घाम न गाळता बसलेलं काही पाहिलं नव्हतं. इथे तार पडून होती, टेस्टर खुर्चीत बसून होता, आणि कष्ट काय ते विजेच्या मीटरला आणि मेहुणीला.

तार मुरवायला दुकानदारानं खास सीडी दिली होती. गाणी नाहीत, नुसते आवाज. ती दिवसरात्र फिरत राहायची. पहिल्या आठवड्यात वरच्या मजल्यावरची बाई खाली येऊन गेली. टेस्टरनं तिला तांब्याचे कण समजावून सांगितले. ती परत आली नाही. बहुतेक माहेरी गेली.

एका दुपारी मी बायकोला घेऊन तार बघायला गेलो. तार दिसायला तशीच होती. सीडीवर गिरणीसारखी घरघर चालली होती, खिडकीच्या काचा थरथरत होत्या. मेहुणीनं पाणी आणून दिलं, एक शब्द न बोलता. तेवढ्यात घरघर थांबली आणि शिट्टी सुरू झाली. बारीक, पातळ, दाढेत सुई घातल्यासारखी. माझ्या बायकोनं कान झाकले. मेहुणीनं झाकले नाहीत, ती सरावली होती. तिनं नुसते डोळे मिटले.

टेस्टर मात्र खुर्चीत रेलला, निवांत. "बघितलंस?" मला म्हणाला. "दुकानदार हुशार आहे. घरघर झाली की तारेला विश्रांती दिलीय. आपण शेडमध्ये मोटार थंड होऊ द्यायचो ना, तसं. मला घरात हीच वेळ आवडते. किती शांत वाटतं."

शिट्टी चालूच होती. त्याला चिमटे काढणं हा माझा रिटायर झाल्यानंतरचा मुख्य उद्योग, पण त्या वेळी एकही सुचला नाही.

मेहुणी उठली. त्याचा हात धरून त्याला स्पीकरपाशी नेलं आणि त्याचा तळवा पुढच्या जाळीवर टेकवला. स्वतः जवळ उभी राहिली आणि आपले कान घट्ट दाबून धरले. त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्या बायकोकडे, तिचेही हात कानांवर. मग माझ्याकडे.

"काही वाजतंय?" त्यानं विचारलं.

"वाजतंय," मी ओरडून म्हणालो.

"बेअरिंग गेल्यासारखं?"

"पार गेल्यासारखं."

त्यानं स्वतःच्या हातानं बटण बंद केलं. तास पुरे व्हायचे होते, पण अर्धवट टेस्टवर निकाल देण्याची त्याची ही पहिलीच वेळ. मेहुणीनं पुढच्याच आठवड्यात त्याला डॉक्टरकडे नेलं.

कानाचं मशीन आलं, शेंगदाण्याएवढं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, सुरुवातीला सगळं कर्कश वाटेल, डोक्याला सवय व्हायला काही आठवडे जातील, तोवर दिवसभर घाला, काढून ठेवू नका. आणि टेस्टर भडकला.

"काही आठवडे? मशीन चांगलं असेल तर पहिल्या दिवशी चालायला हवं. मुरवायचं बिरवायचं सगळं थोतांड आहे. गिऱ्हाईकाला घोळात घेतात."

हे तो मला सांगत होता, तारेचं वेटोळं मांडीवर घेऊन. काही वेळा माणसाला नुसतं बघत राहण्यातही मेहनत असते.

मेहुणीनं ते मशीन त्याच्या कानात बसवलं. मग सुरू झालं. चमच्याचा आवाज होतो. नळाचा होतो. पेपर कसला फडफडतो. माझ्या गुडघ्यांचासुद्धा आवाज होतो, असं त्यानं सांगितलं. तो होतो, पण सांगायची गरज नव्हती. तो काढायला जायचा, ती हात खाली करायची.

मग ती ओट्याकडे वळली आणि नेहमीच्या सवयीनं पुटपुटली, "लहान पोर परवडलं, पण हा माणूस नको."

"काय म्हणालीस?"

तिच्या हातातला डबा तसाच राहिला.

"हे तू रोज म्हणतेस?" टेस्टरनं विचारलं.

"रोज नाही." ती वळली. "रोज वेगवेगळं म्हणते."

"कधीपासून?"

"तुम्ही रिटायर झाल्यापासून."

"आणि मला एकदाही सांगितलं नाहीस?"

"सांगत होते ना. तुमच्या पाठीमागे उभी राहून."

तो रागावला. तीही रागावली. आवाज कुणाचाच चढला नाही, चढवायची गरज नव्हती. भांडण साखरेच्या डब्यावरून निघालं आणि जावयाच्या त्या वर्षापर्यंत गेलं. मी आणि बायको दाराशी चपला शोधत होतो, तर मेहुणी म्हणाली, "भावजी, बसा हो. माझं अजून बरंच बोलायचं राहिलंय."

टेस्टरचा हात कानाकडे गेला. तिथे थोडा रेंगाळला. मग त्यानं तो खाली घेतला आणि म्हणाला, "चालू दे."