लाल दिवा विझेपर्यंत

दत्तादादाला जाऊन काही आठवडे झाले आणि मी अजून त्याच्यावर रागावलेली आहे. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. पण माझा हा थोरला भाऊ ज्या तऱ्हेने गेला, त्यावर दुसरं काय करायचं ते मला कळत नाही.

त्या दिवशी तो मला न्यायला पेणहून रोह्याला आला होता. येताना एसटीने, जाताना माझ्या गाडीने, आणि गाडी अर्थात तोच चालवणार. नागोठणं मागे पडलं, कासूजवळ आलो आणि समोरचा ऑइलचा लाल दिवा लुकलुकला. दादाने लगेच गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. वडखळ काही लांब नाही, हळूहळू जाऊ, असं मी म्हटलं. त्याने ऐकलं नाही. पेणच्या त्याच्या गॅरेजमधल्या भागीदाराला, सलीमला, फोन लावला. जीप आणि दोर घेऊन ये म्हणाला.

इंजिनाच्या तळाशी चेंबर असतं. त्यातलं तेल ओढून वर कानाकोपऱ्यात पोचवणारा पंप, हाच दादाच्या लेखी गाडीचा खरा धनी. तो ओढेनासा झाला की लोखंड लोखंडावर घासतं आणि इंजिन जाम होतं. त्याच्या गॅरेजशेजारी गणपतीचा कारखाना, त्यामुळे वर्षभर पांढरी धूळ. पंप उघडायचा असला की आईचं जुनं लुगडं ओलं करून तो दारावर टांगायचा. नवा पंप बसवण्याआधी त्यात तेल भरून हाताने फिरवायचा. आमच्या वाडीतल्या हातपंपाला आई आधी तांब्याभर पाणी पाजायची, अगदी तसंच. मला गाडी शिकवली तीही त्यानेच... किल्ली फिरवली की म्हणायचा, "थांब गो. दिवा विझू दे." दिवा विझला तरी तेल वर पोचेपर्यंत आणखी थोडं थांबवायचा आणि मग म्हणायचा, "हां, जा आता." एवढी परवानगी मला नवऱ्यानेसुद्धा कधी घ्यायला लावली नाही, असं मी त्याला चिडवायचे.

तर कासूला आम्ही थांबलो. झाडाची सावली होती, वाराही होता, तरी दादाचा शर्ट घामाने भिजला. तो डावा हात चोळत होता. समोरून येणारी रिक्षा मी हात करून थांबवली, डॉक्टरकडे चल, गाडी सलीम नेईल, म्हणून त्याच्या दंडाला धरून ओढलं. तो सीटवरून हलला नाही.

"गॅस हाय गो, काय नाय. गाडी अशी टाकून जातात काय? कोणी चालू केली तर इंजिन संपलं."

"आणि तू?"

"मी कुठं चाललोय?"

मी भांडले, हातापाया पडले. रिक्षावाला वाट बघून निघून गेला. सलीम आला तेव्हा दादाचं डोकं खिडकीला टेकलं होतं. गाडी तिथेच सोडून आम्ही दोघांनी त्याला जीपमध्ये घातलं. वडखळ यायच्या आत सगळं संपलं. लाल दिवा दिसल्यावर गाडी तसूभर पुढे न नेणारा माणूस स्वतःच्या घामाला गॅस म्हणत बसून राहिला... या रागाचं मी काय करू?

दिवसकार्य झाल्यावर सलीमने कासूहून ओढून आणलेली माझी गाडी गॅरेजमध्ये उघडली. मी तिथेच स्टुलावर बसले होते. पंप धडधाकट होता. तेल आत घेणारी जाळी तुंबली होती. चेंबर बसवताना ते गळू नये म्हणून कडेला पेस्ट लावतात, ती जास्त झाल्याने आत तिचे तुकडे सुटून जाळीत अडकले होते. पावसाळ्याआधी खाडीच्या बांधावर चेंबरला दगड लागला होता, तेव्हा ते दादानेच बदललं होतं. आणि भसाभस पेस्ट थापणाऱ्यांना तर तो जन्मभर शिव्या घालत आला होता. सलीम कितीतरी वेळ ते तुकडे बोटांनी चाचपत राहिला.

"ताई, भाऊंचा हात असा नव्हता," तो म्हणाला. "बोल्ट आवळायला जोर पुरत नसंल त्यांचा. म्हणून पेस्ट जास्त लावली. मला एक हाक मारायची होती..."

म्हणजे तेव्हापासूनच त्याच्या अंगातलं बळ सरत चाललं होतं. त्याला ते कळलंही होतं, आणि कुणी बघणार नाही अशा जागी त्याने ते झाकून ठेवलं. चेंबर बदललं त्याच दिवशी मी त्याच्याकडे पोटभर जेवले होते, त्याची थट्टा केली होती आणि गाडी घेऊन रोह्याला परत आले होते.

इंजिनाला काहीही झालं नाही. वेळेवर थांबवलं म्हणून वाचलं, असं सलीम म्हणाला. त्याने जाळी साफ केली, पंपाला तेल पाजलं, बोल्ट आवळले. गाडी आता सुरेख चालते, आणि मला त्याचाही राग येतो.

रोज सकाळी मी किल्ली फिरवते. लाल दिवा लागतो, विझतो. तेल वर पोचायला लागतो तेवढा वेळ मी थांबते आणि मग उगाच आणखी थांबते. परवा शेजारच्या काकूंनी खिडकीशी वाकून विचारलं, गाडी चालू करून नुसती बसलीस ती, कोणाची वाट बघतेस काय?

"व्हय," मी म्हटलं.