पहिल्या स्वाध्यायातलं अभिवादन

दर रविवारी मी अमरावतीहून अकोल्याला जातो आणि नोकरी-संसार सांभाळून येणाऱ्या मोठ्या माणसांना प्रोग्रॅमिंग शिकवतो. स्वाध्याय माझेच, ते तपासणारा छोटा प्रोग्रॅमही माझाच. त्याचा मला अभिमान होता. एक अक्षर इकडचं तिकडं झालं की तो लाल पट्टीवर छापायचा : चूक. पुन्हा प्रयत्न करा. मी स्वतः असाच शिकलो होतो. ज्याला टिकायचं तो टिकतो, असं मला वाटायचं.

पहिला स्वाध्याय सोपा ठेवला होता. ‘तुमच्या घरी वडीलधारं माणूस आलं आहे. त्यांना अभिवादन करणारा प्रोग्रॅम लिहा.’ वर्गात एक ताई होत्या, खाजगी दवाखान्याच्या काउंटरवर बसणाऱ्या. त्यांना तिथल्याच कॉम्प्युटर विभागात जायचं होतं, त्यासाठी हा वर्ग पुरा करणं भाग होतं. त्यांनी लिहिलं : जय भीम, आजी. लाल पट्टी आली. त्यांनी स्वल्पविराम काढला. पुन्हा लाल. कंस तपासले, अवतरणचिन्हं तपासली, सगळं पुसून नव्यानं टंकलं. लाल.

शेजारी एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर काका बसायचे. त्यांचं ‘राम राम’ही नापास झालं होतं. खटपट करून त्यांनीच वाट शोधली आणि वर्गभर ओरडून सांगितलं, “नमस्कार टाका अन् पुढं सरका! मशीनले तेच टिकिट चालते!”

सगळे हसले. ताईंनी ‘जय भीम’ पुसलं, ‘नमस्कार’ लिहिलं. हिरवी खूण आली.

मी त्यांच्या खुर्चीमागे उभा होतो. सगळं पाहत होतो. “झालं ना? चला पुढं,” एवढंच म्हणालो.

आमच्या घरीही जय भीमच म्हणतात. माझ्या आजोबांपासून. पण कॉलेजात नोकरीला लागलो आणि स्टाफरूममध्ये ‘नमस्कार’ म्हणायला लागलो. त्या शब्दावर पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही. मला कोणी सक्ती केली नव्हती. सवयच इतकी झाली की स्वाध्याय लिहिताना दुसरं उत्तर असू शकतं हे सुचलंही नाही. प्रश्न मोकळा ठेवला आणि उत्तर मात्र आधीच ठरवून टाकलं.

पुढच्या रविवारी ताई आल्या नाहीत. लागोपाठ गैरहजर राहिलेल्याची जागा दुसऱ्याला द्यायची, असा वर्गाचा नियम होता. मी फोन लावला.

“ताई, काहून नाही आल्या?”

“नाही जमत सर मले ते.”

“पहिल्याच दिवशी कसं कळलं नाही जमत ते?”

“घरी सासूबाईनं इचारलं, काय शिकून आली वं? आता काय सांगू त्याईले? मशीनले आपला जय भीम चुकीचा वाटते म्हनून?”

“मशीनला काय कळतं, ताई. ते उत्तर मी लिहिलं होतं.”

“तुमी?”

“हो. आणि आमच्याही घरी जय भीमच म्हणतात.”

“मंग मशीनले नसन समजत, तुमाले तं समजत होतं ना, सर?”

चुकलं, एवढं म्हणालो.

“दुरुस्त करा,” त्या म्हणाल्या. “मंग पाहू.”

मी त्याच संध्याकाळी दुरुस्तीला बसलो. शिकणाऱ्याचा प्रोग्रॅम चालला तर मशीन आता म्हणतं, ‘तुमचा प्रोग्रॅम चालला. त्यानं हे छापलं,’ आणि खाली लिहिणाऱ्याचेच शब्द दाखवतं. चालला नाही तर कुठं पाहायचं ते सांगतं : पहिल्या ओळीत कंस उघडला आहे, बंद झालेला नाही. ‘चूक’ हा शब्द मी काढून टाकला. कॉलेजातले एक सहकारी म्हणाले, “इतके लाड केले तर शिकतील कसे?” मी त्यांना सांगितलं आणि आज आणखी ठामपणे सांगतो, की हे लाड नाहीत. नवख्या माणसाला आपलं काय बिघडलं हे कळलं तरच तो शिकतो. नुसतं बिघडलंय एवढंच सांगितलं तर तो स्वतःलाच बिघडलेला समजतो.

ताई पुढच्या रविवारी आल्या. थेट संगणकासमोर बसल्या, पहिला स्वाध्याय उघडला आणि नव्यानं लिहून चालवला. स्क्रीनवर त्यांचे शब्द उमटले : जय भीम, आजी.

“झालं का बाई? मंग सरका पुढं,” कंडक्टर काका म्हणाले.

“थांबा ना काका, तुमची काय गाडी सुटून राहिली का?”

त्यांनी मुद्दाम एक कंस पुसला आणि प्रोग्रॅम पुन्हा चालवला. आलेला संदेश मोठ्यानं वाचला. कंस परत घातला. मग अवतरणचिन्ह पुसून पाहिलं. तोडायचं, वाचायचं, जोडायचं, असं त्यांचं बराच वेळ चाललं होतं. शेवटी त्या माझ्याकडे वळल्या.

“बाकीचे स्वाध्यायही असेच केले का सर, का मले बोलावाले हे एकच सुधारलं?”

बाकीचे अजून जुनेच होते. मी तसं सांगितलं.

“मंग बसा,” त्यांनी बाजूची खुर्ची ओढली. “दुसरा काढा.”