कागदावर नसलेली पायरी

निवृत्तीला चौदा महिने उरले होते आणि पायांच्या शिरा सुजल्या होत्या. तेव्हा आता कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही, असं मोठ्या सिस्टरांनी ठरवूनच टाकलं होतं. नऊ वर्षं त्या सरांच्या शेजारी उभ्या होत्या. सर तोंडावाटे दुर्बीण घालून जठराला आतून टाके घालत. पोट कापायला नको. जठर लहान झालं की भूक आवरते, वजन उतरतं. सरांचा टाका कित्येक वर्षांत सुटला नव्हता. सगळ्या रुग्णालयांत एकच पद्धत असावी असं ठरलं, तेव्हा सरांनी आपल्या दहा पायऱ्या लिहून दिल्या.

तोच कागद समोर ठेवून दुसऱ्या एका रुग्णालयात दोघांना टाके घातले. आठवड्यात ढिले पडले.

"त्यांचा हातच कच्चा," सर म्हणाले.

सिस्टरांना कारण ठाऊक होतं. जठरात हवा भरून ते फुगवतात. टाका आवळण्याआधी सिस्टर त्यातली निम्मी हळूच काढून घेत. नाहीतर टाक्यावर ताण येतो. सरांना वाटे, जठर आवळलं जातं ते आपल्या हातानंच. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती उघडून म्हाताऱ्याचा पाणउतारा कशाला, म्हणून त्या गप्प राहिल्या. हे बरं नव्हे, हेही त्यांना कळत होतं. पण त्याच दुसऱ्या रुग्णालयात त्यांच्या धाकट्या बहिणीचा याच टाक्यांसाठी येत्या गुरुवारचा नंबर लागला.

सोमवारी दुर्बीण धुता धुता त्यांनी सगळं सांगून टाकलं. सर स्टुलावर बसलेच.

"कधीपासून करताय हे?"

"तिसऱ्या पेशंटपासून. पहिल्या दोघांचे टाके सुटले होते, आठवतंय?"

"मग बोलला का नाहीत?"

"विचारलं कुणी, सर?"

संध्याकाळी सुधारलेला कागद गेला. 'टाका आवळण्यापूर्वी हवा कमी करावी.' खाली सरांची सही.

आठवड्यानं धाकटीचा फोन आला. "ताई, टाके अगदी पक्के बसलेत! तुमच्या सरांनी ऐनवेळी एक पायरी वाढवली म्हणे. काय डोकं गं त्या माणसाचं! इतकी वर्षं शेजारी उभी राहून तू काही शिकलीस की नाही?"

सिस्टरांनी पाय समोरच्या खुर्चीवर टाकले. खरं सांगून टाकावं, असं फार वाटलं. तोंड उघडलंही.

"शिकले ना," त्या म्हणाल्या. "तू अजून पंधरा दिवस पातळच घे. आणि जड काही उचलू नकोस."