नांगर टाकल्याची वेळ

माझी मुलगी मला फोन करते ती बोटींबद्दल काही अडलं तरच. "बाबा, जेवलास का" वगैरे भानगड आमच्यात नाही. ती खलिफा सिटीत राहते, शाळेत इतिहास शिकवते. मी अल कुसैसला, एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये. दोघं आखातातच, मध्ये दीड तासाचा रस्ता आहे आणि ती शेवटची कधी आली होती ते मला आठवून सांगावं लागेल. असो. तक्रार करायला तोंड कुणाचं आहे?

गेल्या हिवाळ्यात तिने आपला प्रबंध पाठवला. नोकरी सांभाळून पीएच.डी. करतेय. विषय काय, तर अठराव्या शतकातला इंग्रजांच्या नौदलातला एक अधिकारी. गाजलेला वगैरे अजिबात नाही. सोबत मेसेज: "बाबा, जस्ट चेक द शिप टर्म्स. डोन्ट टच माय आर्ग्युमेंट." म्हटलं, बाई गं, तुझ्या आर्ग्युमेंटला हात लावायची माझी काय टाप!

तीस वर्षं मी बोटीवर काढली. चीफ ऑफिसर म्हणून उतरलो आणि आता बंदरातल्या ऑफिसात बसून दुसऱ्यांच्या बोटींचे कागद तपासतो. सुट्टीच्या दिवशी फोन वाजत नाही, दाराची बेल वाजत नाही. पाणीवाला येतो, त्याला मी उगाच दोन मिनिटं थांबवून घेतो. तेव्हा साडेतीनशे पानं आली म्हणजे माझी चैनच झाली.

आणि खरं सांगतो, तो माणूस मला आवडला. तेराव्या वर्षी कप्तानाचा नोकर म्हणून बोटीवर चढला. दोऱ्या ओढल्या, आकडेमोड शिकला, परीक्षा देऊन लेफ्टनंट झाला. तेवढ्यात लढाई संपली आणि सरकारने त्याला अर्ध्या पगारावर घरी बसवलं. एक-दोन नाही, नऊ वर्षं. वशिला नव्हता बिचाऱ्याचा. दर महिन्याला नौदलाच्या कचेरीला पत्र लिहायचा: मी आहे, तयार आहे. पुन्हा लढाई लागली तेव्हा बोट मिळाली, आणि वरचा कप्तान तापाने मेला म्हणून हा कप्तान झाला. तिथे मी एकटाच मोठ्याने हसलो. आमच्यात तरी दुसरं काय होतं? वरचा हलल्याशिवाय खालचा चढत नाही.

सहाव्या प्रकरणात त्याची बायको आजारी पडते. बंदरापासून मैलभरावर एका खोलीत ती आणि लहान मुलगी. नवरा दोन वर्षं बाहेर. मेहुणीच्या पत्रात लिहिलंय, शुक्रवारी उजाडता उजाडता ती गेली, तोवर नवरा आला नव्हता. आणि बोटीच्या रोजनाम्यात नोंद आहे: शुक्रवार, पी.एम., तीन वाजता नांगर टाकला. म्हणजे नऊ तास उशीर. माझ्या मुलीने त्यावर लिहिलं होतं की वारा देईल तितक्या वेगाने तो आला, उशीर त्याचा नव्हता, समुद्राचा होता. आख्खा प्रबंध त्या वाक्यावर उभा होता. किती मायेने लिहिलं होतं पोरीने! मी चष्मा काढून ठेवला.

मग चष्मा पुन्हा चढवून मी तिने शेवटी जोडलेला रोजनाम्याच्या पानाचा फोटो बघितला.

पानावर पी.एम.ची नोंद वर होती आणि ए.एम.ची खाली. आधी दुपार, मग सकाळ. तिला वाटलं असेल, लिहिणारा गबाळा होता. गबाळा नव्हता तो. त्या काळी समुद्रावरचा दिवस भर दुपारी बारा वाजता सुरू व्हायचा, सूर्य डोक्यावर आला की. जमिनीवर गुरुवारची दुपार असायची आणि बोटीवर शुक्रवार लागलेला असायचा. इतिहासवाल्यांना हे कोण सांगणार? आम्हाला म्हाताऱ्या कप्तानांनी सांगितलं होतं, म्हणून ठाऊक.

म्हणजे तो गुरुवारी तीनलाच आला होता. बायको मैलभरावर शेवटचे श्वास घेत होती आणि हा पंधरा तास बंदरात होता. उतरला नाही.

परीक्षकांत एखादा जाणता निघाला असता तर तिची चार वर्षं पाण्यात. सांगायलाच हवं होतं. मी आठ दिवस फोन हातात घेत होतो आणि ठेवत होतो. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

कारण माझी बायको गेली तेव्हा मीही असाच आलो होतो. आम्ही तेव्हा करामा नावाच्या वस्तीत राहायचो. मी तेलाच्या विहिरींना सामान पोचवणाऱ्या बोटीवर होतो. ती हॉस्पिटलात, आणि शेजारच्या काकूंना सोबत घेऊन तिच्या उशाशी आमची अकरा वर्षांची मुलगी. मी पोचलो तेव्हा सगळं आटपलं होतं. मुलीला सांगितलं, बोट बाहेरच अडकवून ठेवली होती बेटा, पहाटे आत घेतली. तिने लगेच विश्वास ठेवला. वर मलाच म्हणाली, "इट्स ओके, बाबा."

बोट आदल्या दिवशी चारला धक्क्याला लागली होती.

नवव्या दिवशी गाडी काढली आणि खलिफा सिटीला गेलो. ती दारात बघतच राहिली. तिच्या जेवणाच्या टेबलावर मी तो फोटो ठेवला, वरची दुपार दाखवली, खालची सकाळ दाखवली. आधी भांडली. "नो बाबा, दॅट कान्ट बी." मग तिने लॅपटॉप उघडला, त्याच रोजनाम्याची आणखी चार पानं काढली. चारही पानांवर तेच.

"सो ही वॉज देअर," ती म्हणाली. "ऑल नाइट."

"होता."

"देन व्हाय डिडन्ट ही गो?"

"घाबरला असेल."

"अफ्रेड? बाबा, ही स्टुड इन फ्रंट ऑफ कॅनन्स!"

"तोफांसमोर उभं राहता येतं गं," मी म्हणालो. "मीही नाही गेलो."

आणि सांगून टाकलं. चारला बोट लागली होती, मला सुट्टी मिळाली होती, कुणीही अडवलं नव्हतं. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं होतं की आता आशा नाही. मी अंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि केबिनमध्ये बसून राहिलो. तिचा चेहरा बघायची छाती झाली नाही. म्हटलं, उजाडलं की जाऊ. लाज वाटते मला. तेव्हाही वाटली, रोज वाटते.

ती रडली नाही, ओरडलीही नाही. लॅपटॉप हळूच मिटला. मग विचारलं, तेही मराठीत, जे ती माझ्याशी कधीच बोलत नाही.

"आईला माहीत होतं? तू आलायस ते?"

नाही म्हणायला किती वेळ लागतो? एक शब्द. तिने मानलंही असतं.

"होतं," मी म्हणालो. "धक्क्याला लागल्याबरोबर फोन केला होता मी तिला. म्हटलं, आलोच."

ती माझ्याकडे बघत राहिली, अकरा वर्षांची असताना बघायची तशी.

"ती सगळा वेळ दाराकडे तोंड करून होती, बाबा. मी म्हणत होते, आई, इकडे बघ ना. एकदा पण नाही बघितलं तिने. मला वाटलं, ती माझ्यावर रागावलीय."