कधीच बंद न पडणारा प्रोग्राम
सुई टोचण्याआधी दंडावर स्पिरिटचा बोळा फिरला की मला तारनाक्याच्या गल्लीतली ती लहानशी रक्तपेढी आठवते. तिथला पिशव्यांची नोंद ठेवणारा, पायथन या संगणकभाषेतला प्रोग्राम फार जुना होता. पडद्यावर खिडक्या आणि बटणं दाखवणारी त्याची लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, कालबाह्य झाली होती, म्हणून मी नवी बसवून दिली. पहिल्याच दुपारी टेक्निशियन बाईंनी रक्ताची पिशवी स्कॅन केली आणि अख्खा प्रोग्राम बंद झाला. पुन्हा उघडला, पुन्हा बंद. काउंटरपलीकडे बर्फाचा डबा छातीशी धरून एक माणूस उभा होता. त्याची बायको ऑपरेशन टेबलावर होती. "जल्दी करो अम्मा," एवढंच तो म्हणत राहिला. बाई माझ्यावर उखडल्या, "नक्को बाबा तुमचा नवा! जुना कधी बंद पडला होता का? तोच लावा परत!" चूक कुठे झाली ते सांगणारा संदेश मी उघडला. चूक जुन्याच कोडमधली होती. पिशवीची मुदत तपासणारी ओळ कधी चाललीच नव्हती. जुनी लायब्ररी ती चूक गुपचूप गिळून पुढे जायची, नवी तिथेच थांबत होती. "मॅडम, पिशवीवरची तारीख बघा," मी म्हणालो. त्यांनी पिशवी उलटी करून पाहिली, मुदत संपलेली दिसताच बाजूला ठेवली आणि फ्रीजमधून दुसरी काढली. तिची तारीख त्यांनी मोठ्याने वाचली, मग मलाही वाचायला लावली. आजही एखादं गिऱ्हाईक अभिमानाने सांगतं, "आमचा प्रोग्राम इतक्या वर्षांत एकदाही बंद पडला नाही," आणि माझ्या नाकात स्पिरिटचा वास भरतो.