झिल्लीची आतली बाजू

सुखदेव गेल्याचा फोन त्याच्या मुलीने, सुजाताने केला. “सर, बाबा सकाळी गेले... चहा मागितला होता, आणेपर्यंत गेले,” एवढंच ती म्हणाली. वाईट वाटलंच. पण खोटं कशाला लिहू, त्यासोबत हायसंही वाटलं. आठच दिवसांपूर्वी मी त्याच्या गावी, रिठदला जाऊन त्याच्याशी बोलून आलो होतो. ते बोलणं घरातल्या घरात राहू नये म्हणून आज महिन्याभराने हे लिहितो आहे.

मी वाशिम जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवत होतो आणि सुखदेव आमच्या प्रयोगशाळेत परिचर होता. कोंबडीचा गर्भ अंड्यात कसा घडतो हे मुलांना दाखवायचं, तर गावरान अंडी लागत. ती तो रिठदहून एसटीने आणायचा, टोपली मांडीवर घेऊन. “काय मामा, आज आम्लेट का?” असं कंडक्टरने विचारलं की म्हणायचा, “हळू बोल बापू, कालेजची पोरं निजून हायेत आत.”

एका वर्षी प्रात्यक्षिक परीक्षेसाठी मी जरा अवघड प्रयोग ठरवला. बलकावर एक पारदर्शक झिल्ली असते. तिच्या आतल्या बाजूला चिकटून एक दिवसाचा गर्भ वाढत असतो, नाण्याएवढा. झिल्ली आणि गर्भ वेगवेगळे धुवायचे, झिल्ली काचेच्या कडीवर ताणून बसवायची, तिच्यावर गर्भ ठेवायचा आणि काचपात्र उबवणी पेटीत ठेवायचं. दुसऱ्या दिवशी गर्भाच्या कडेच्या पेशी झिल्लीवरून चहूकडे सरकलेल्या दिसतात. बाहेरून परीक्षक येणार होते, म्हणून आदल्या दिवशी सुखदेवला बाजूला सारून मी स्वतः झिल्ल्या बसवल्या. सकाळी पेटी उघडली तर एकही गर्भ पसरला नव्हता. परीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “आमच्या परिचराचा हात जरा धसमुसळा आहे.” सुखदेव तिथेच ट्रे धरून उभा होता. तो बोलणार नाही याची मला खात्री होती, आणि ती खात्री कुठून आली होती हेही मला ठाऊक होतं. मी पाटलाच्या घरातला होतो, तो बौद्धवाड्यातला.

पंधरा दिवसांनी तो दोन काचपात्रं घेऊन माझ्या खोलीत आला. “सर, हे पाहा. यात झिल्लीची आतली बाजू वर हाये, अन् यात बाहीरची.” पहिल्यातला गर्भ छान पसरला होता. दुसऱ्यातला जिथल्या तिथे, कडा आखडून. “गर्भ तेच, पेटी तेच. पेशी चालत नाही सर, वाट त्याईले चालवते. पावसाळ्यात आमच्या काळ्या मातीतून पायी येऊन पाहा, मंग समजंल.”

मी थक्क झालो. पुढे पुस्तकांत सगळं सविस्तर वाचलं. झिल्लीच्या आतल्या अंगाला प्रथिनांचे बारीक धागे असतात, कडेच्या पेशी ते धरधरून पुढे जातात. बाहेरच्या अंगाला त्यांना तशी पकड मिळत नाही. खुद्द गर्भाच्या आतही असंच असतं. पेशी स्वतःभोवती धाग्यांचं आणि चिकट द्रवाचं जाळं विणतात, आणि हृदय होणाऱ्या, मज्जातंतू होणाऱ्या पेशी त्याच जाळ्याच्या आधाराने आपापल्या जागी पोचतात. जाळं बिघडलं की वाट चुकते. पण त्या दुपारी त्याच्याकडे पाहताना मला एवढंच कळलं, की परीक्षेच्या वेळी घाईत झिल्ल्या उलट्या मीच बसवल्या होत्या.

तेव्हा बोलायला हवं होतं. मी काय केलं? दरवर्षी ती दोन्ही काचपात्रं वर्गात मांडून सांगत राहिलो, “आमच्या सुखदेवने एकदा झिल्ली उलटी ठेवली, म्हणून हे कळलं!” पोरं हसायची. त्यांनी त्याचं नाव ‘उलटे मामा’ पाडलं. एका वर्षी त्या वर्गात तिसऱ्या बाकावर सुजाता होती. ती हसली नाही. मी तिच्याकडे न पाहता पुढचं शिकवलं.

दोघंही निवृत्त झाल्यावर, तो आजारी आहे असं कळून रिठदला गेलो तेव्हा सुखदेव खाटेवर उठून बसला, “जय भीम सर,” म्हणाला. सुजाता समोर होती. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. “सुखदेव, परीक्षेतल्या त्या झिल्ल्या मी उलट्या ठेवल्या होत्या. तू नाही.”

तो हसायलाच लागला. हसता हसता खोकला आला. “मले तवाच माहीत होतं ना सर! तुमी ठेवून राह्यले होते, मी मांगंच उभा होतो.”

“मग बोलला काहून नाहीस?”

“बोललो असतो तं पुढच्या साली अंड्याले हात लावू देला असता का मले?”

सुजाता बापावर उखडली. “बाबा, मी तीन वर्षं मान खाली घालून कॉलेजात बसली! मले तरी सांगायचं!” तो माझ्याकडे बोट करून म्हणाला, “आता याईच्यावर काढ राग. आयते सापडले.” आम्ही तिघंही हसलो... आणि किती तरी वर्षांनी मी मोकळा श्वास घेतला.

निघताना सुजाता दारापर्यंत आली. “सर, हे तुम्ही घरात सांगितलं. पोरं हसली होती ती वर्गात,” ती म्हणाली. खरं होतं.

म्हणून गेल्या आठवड्यात तिला घेऊन महाविद्यालयात गेलो. आता तिथे हा धडा पडद्यावर दाखवतात. नव्या सरांनी दहा मिनिटं दिली. मुलांना सगळं सांगितलं, चूक कोणाची, शोध कोणाचा आणि धसमुसळा हात कोणाचा ते. नंतर मागच्या कपाटात त्या जुन्या काचेच्या कड्या सापडल्या, जुनेराच्या घडीत एकेक वेगळी गुंडाळलेली. सुखदेवने त्या फुटक्या परीक्षानळ्या कापून, दगडावर पाणी टाकून घासून केल्या होत्या. सुजाताने एक उचलली आणि तिच्या काठावरून बोट फिरवलं, पूर्ण गोल. मग दुसरी उचलली, मग तिसरी. बोटाला कुठेही खरखर लागली नाही.