अयोध्याची चौथी

अयोध्या घरी इतकी बोलायची की तिची आई केवळाबाई म्हणायची, जरा दम खा माय. पण अर्धापूरजवळच्या त्यांच्या गावातल्या शाळेत चार वर्षांत तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. शाळेची पायरी चढली की बोलणं बंद व्हायचं. उत्तर यायचं, शब्द ओठांपर्यंत यायचा आणि तिथंच थिजायचा. पोरं मुकी म्हणायची. दुसरीत गुरुजींनी हट्टी समजून तिला फळ्यापाशी उभं केलं. नाव सांग आणि बस, एवढंच. ती सुट्टी होईस्तोवर उभी राहिली. बसावं असं तिच्याइतकं कुणालाच वाटत नव्हतं.

चौथीत एकदा तिला लघवीला जायचं होतं. विचारता येईना. बसल्या जागी कपडे ओले झाले. मग दोन दिवस ती घराबाहेर पडली नाही.

तिसऱ्या दिवशी वर्गाच्या नव्या पंचशीला मॅडम घरी आल्या. अयोध्या तेव्हा शेळीच्या करडाला मोठ्यानं दटावत होती. मॅडम दिसताच गप्प झाली. मॅडम केवळाबाईला म्हणाल्या, "पोरगी हट्टी नाही. भीती तिचा गळा धरते. तिला बोल म्हणू नका."

त्यांनी तिला लाल पुठ्ठ्याचा तुकडा दिला. लघवी लागली की तो टेबलावर ठेवायचा आणि बाहेर जायचं, विचारायचं नाही. शाळा सुटल्यावर केवळाबाई केळीच्या रानातून यायची आणि रिकाम्या वर्गात मायलेकी धडा वाचायच्या. मॅडम आधी व्हरांड्यात बसल्या, पंधरा दिवसांनी दारात, मग आत पाठ करून. एकदा त्या चुकून वळल्या आणि अयोध्याचा आवाज गेला. सगळं पहिल्यापासून करावं लागलं. मार्चमध्ये तिनं त्यांच्यासमोर अख्खं पान वाचलं.

पण शाळा चौथीपर्यंतच. पाचवीला अर्धापूर.

"तिथं तुम्ही न्हाईत," ती पुस्तकाकडं बघत म्हणाली. मॅडमशी आपणहून बोललेलं तिचं हे पहिलंच वाक्य.

मॅडमना खोटं बोलवेना. "नाही. पण मी तिथल्या सरांना चिठ्ठी देते, हजेरीला तू नुसता हात वर कर."

जूनमध्ये नव्या सरांनी चिठ्ठी वाचून खिशात ठेवली. वर्गात साठ पोरं होती. हजेरीत तिचं नाव आलं. तिनं हात वर करायला घेतला. तो बाकाच्या कडेपर्यंतच आला. सरांनी क्षणभर पाहिलं, हजेरी मांडली आणि पुढचं नाव घेतलं. कुणी हसलं नाही, कारण अजून तिला कुणी ओळखत नव्हतं. दोन अनोळखी पोरींच्या मधे ती अंग चोरून बसली. दिवसाचे सात तास अजून बाकी होते.